आजीच्या हाताची शिंप

आमच्या मोठ्या बाईले नदीवर जाऊ दिलं की ती आपणहून घरी येत नाई, तिले आणावं लागते. मोठी बाई म्हणजे माझी जाऊ, सुगंधाबाई. मी लग्न होऊन या घरात आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी सासूनं मले सांगितलं, "जाय, मोठीले बलावून आन, भाजी करपून राह्यली." गेली. तर ही बाई वाळूत फतकल मारून बसलेली, पुढ्यात शिंपांचा ढीग, आणि मले पाहून म्हणते, "आली का? बस मंग." मी नवी नवरी, काय बोलणार? बसली. भाजी करपली, बोलणी दोघींनी खाल्ली. या गोष्टीले छत्तीस वर्षं झाली, पण अजून तेच चालू आहे. फरक इतकाच, की आता बोलणी मी देते.

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच सांगून टाकते, नाहीतर गावातलं कोणी ना कोणी सांगेलच. मी वच्छला. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, आता रिटायर. मले मूलबाळ झालं नाई. त्याचं रडगाणं मी कधी गायली नाई. गावातले चारशे पोट्टे-पोट्ट्या माझ्या मांडीवर मुतून मोठे झाले, तेवढं पुष्कळ झालं. आमचे हे पाच वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून माझी चूल वेगळी असली तरी जेवण बाईच्याच घरी होते. एका आंगणात दोन दरवाजे, एवढंच अंतर.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर आहे, मार्कंड्याच्या देवळापासून डोंग्यानं अर्धा तास. आम्ही ढिवर. माझे भासरे, म्हणजे बाईचे मालक देवराव, अजून जाळं टाकतात, बाई मासे विकते, रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांधीत धान लावायले जाते, आणि हे सगळं करून वरून नदी वेचते. पावसाळा सरून पाणी उतरलं, की रोज सकाळी पदर खोचून काठानं निघते. मान खाली, हात मागे, शेत मोजायले आलेल्या तलाठ्यासारखी. रात्रीतून नदीनं काय आणून टाकलं ते पाहते. आणि नदी काय आणत नाई, बापा! पितळेची घंटी आणली, बाहुलीचा एक पाय आणला, कुलूप लावलेली पण बूड नसलेली पेटी आणली. एकदा डाव्या पायाची चांगली चप्पल भेटली. बाईनं ती छपरात खोचून ठेवली. मी म्हटलं, फेका ना ते. तर म्हणे, "उजवी येईन ना मागून." दोन वर्षांनी उजवी आली! रंग वेगळा होता, पण ही दोन्ही घालून गोंडपिपरीच्या लग्नाले गेली आणि मांडवात सगळ्यांत पुढे बसली.

पण तिचा खरा जीव शिंपांत. वाळूतून नुसतं टोक दिसलं तरी सांगते, ही फुटकी आहे, हिच्यात जीव आहे, हिच्यात नाई. शिंपेच्या पोटावर दगड घासून घासून ती भोक पाडते, आणि त्या भोकाच्या धारेनं कच्च्या आंब्याची साल अशी निघते, की बाजारातलं सोलणं त्याच्यापुढे झक मारते. अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आठ दिवस आमच्या आंगणात बायकांची रांग लागते. गावातली कोणतीही पोट्टी लग्न होऊन निघाली, की तिच्या पेटीत बाईची एक शिंप असतेच. समुद्र मात्र तिनं पाहिला नाई. जावई प्रवीण एकदा म्हणाला, "आई, तुमाले समुद्रावर नेतो. तिथी शिंपाच शिंपा!"

"पानी गोड हाय का तिथचं?" बाईनं विचारलं.

"नाई, खारं."

"मंग राहू दे बावा. तहान लागली तर का करू?"

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरी एक रीत आहे. बाळाच्या पाचवीले, म्हणजे पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते तेव्हा, बाळाले शिंपेनं दोन घोट दूध पाजायचं. शिंप कोणतीही चालत नाई. दोन्ही झाकणं एकमेकांले धरून असलेली जोडशिंप पाहिजे. आतला जीव आपण मारलेला नको, नदीनंच नेलेला पाहिजे. शिंप त्याच वर्षीची पाहिजे. आणि सगळ्यांत मोठी अट म्हणजे ती आजीनं आपल्या हातानं वाळूतून उचललेली पाहिजे. दुसऱ्या कोणाचा हात आधी लागला की गेली कामातून. पूर्वी त्या शिंपेतून घुटी पाजत. ते मी अंगणवाडीत लागल्यावर बंद पाडलं, सासूशी आठ दिवस भांडून. आईचं दूध, आणि शिंप चांगली उकळून, बाकी काई नाई! त्या भांडणात बाई माझ्या बाजूनं होती. "पन शिंप राहीन," एवढंच म्हणाली, आणि शिंप राहिली. बाईची एकुलती एक लेक दिव्यानी झाली, तेव्हा तिची शिंप आमच्या सासूनं उचलली होती.

ती दिव्यानी आता सत्तावीस वर्षांची आहे. जन्म दिला बाईनं, पण वाढली माझ्या ताटात जेवून. राजुऱ्याले दिली, जावई कोळशाच्या खाणीत नोकरीले. लग्नाले सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नाई. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचं टोचून बोलणं झालं. आणि मागच्या वर्षी पाऊस सुरू असताना फोन आला, "आई, काकू, दोघी बसल्या आहात ना? आधी बसा." आम्ही उभ्याच होतो, उभ्यानंच नाचलो. बाईच्या हातातली मासोळी सुटून मांजरीनं नेली, कोणी पाहिलंसुद्धा नाई.

बाईनं दुसऱ्या दिवसापासून शिंप शोधायले सुरुवात केली असती, पण नदी तेव्हा दोन्ही थड्या भरून वाहत होती. मग पाणी उतरायची वाट पाहिली. दिवाळी झाली, पाणी उतरलं नाई. यंदा उन्हाळी धानासाठी खालच्या बंधाऱ्यात पाणी अडवून ठेवलं होतं. धान पिकणार, चांगलीच गोष्ट. पण दरवर्षी ज्या वाळूत आमचं अर्धं गाव उन्हाळ्यात टरबुजं लावते, ती सगळी वाळू पाण्याखाली. डोंगे बांधतो तिथी घाटापाशी तेवढी अंगणाएवढी जागा उघडी. बाईनं ती जागा रोज चाळली. फुटक्या भेटल्या, एकेरी भेटल्या, जोडशिंप नाई. जानेवारीत दिव्यानी बाळंतपणाले आली, सातवा संपत आलेला. बाई तिच्या पायाले तेल लावे, भाजी निवडे, हसे. पण नदीवर जाऊन घटकाभरात परत येऊ लागली. ज्या बाईले आणायले जावं लागे ती आपणहून घरी येऊ लागली, तेव्हा मात्र मी हातातलं काम टाकून तिच्यापाशी जाऊन बसली.

"पाण्याखाली आहे तर नाई भेटत, त्याले तुम्ही काय करणार?" मी म्हटलं.

"आपल्या घरात आजवर कोनतीच आजी रिकाम्या हातानं बसली नाई, वच्छे. मीच बसू का?"

महाशिवरात्रीले मार्कंड्याची जत्रा भरली. मी दर्शन घेऊन दुकानं पाहत फिरत होती, तर एका दुकानात समुद्राच्या शिंपा! कंगव्याले लावलेल्या, आरशाले लावलेल्या, आणि एका टोपलीत मोकळ्या. त्यात एक जोडशिंप. पांढरीशुभ्र, दोन्ही झाकणं शाबूत, तळहाताएवढी. माझ्या डोक्शात एकदम दिवा लागला. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटते, पण तेव्हा मले वाटलं, वच्छला, तुझ्याएवढी हुशार बाई पंचक्रोशीत नाई.

घरी आणली, राखेत घोळली, चिखलात बुडवली, चुलीच्या धुरावर धरली. सकाळी उजाडायच्या आत घाटावर जाऊन डोंग्याच्या खुंट्यापाशी वाळूत पुरली. टोक तेवढं वर ठेवलं. मग चहा झाल्यावर बाईले म्हटलं, "चला, आज मीपण येते पाहायले." छत्तीस वर्षांत मी कधी आपणहून गेली नव्हती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदर खोचला.

घाटावर आमची शेजारीण बुधरी धुणं धूत होती. देवरावभाऊ जाळं शिवत होते. बाई खुंट्यापाशी आली, थांबली, वाकली. उचलली! मी श्वास धरून उभी. तिनं चिखल पुसला. उलटी केली, सुलटी केली. उघडून आत पाहिलं. मग जिभेनं चाटली. आणि तिचा चेहरा असा काई उजळला, की मले वाटलं, जमलं बाप्पा!

"अवं माय वं!" बाई ओरडली. "बुधरे, धाव! अवं, गावात समुद्र आला!"

बुधरी ओल्या हातानं धावत आली. "कुठी? कुठी?"

"हे पाय ना! आतापावेतर आपली वैनगंगा समुद्राले जात होती. काल रात्री समुद्रच उलटा चालत आला, आनि आपल्या डोंग्याच्या खुट्यापाशी शिंप ठेवून गेला. चाटून पाय, खारट हाय! आमच्या नदीच्या शिंपेले वरून हिरवी-भुरी साल असते, आतून मोरपंखी रंग चमकते. हे बिचारी आतून पन पांढरी आनि बाहेरून पन पांढरी. केवढ्या लांबून आली, थकली असन!"

देवरावभाऊंच्या हातातली सुई हसून हसून पडली. बुधरी पोट धरून खाली बसली. वर जाणाऱ्या चार बाया थांबल्या, त्यांनी पण शिंप चाटून पाह्यली. मले तर जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. आणि लाजेनं जीव चालला की मले राग येते, ही माझी खोड.

"हो, मीच पुरली!" मी ओरडली. "जत्रेतून आणली, धुरावर धरली, पुरली! तुमच्यासाठीच केलं ना? दोन महिने तुमचं तोंड पाहवत नाई मले! घ्या ना मग गुपचूप, कोणाले समजणार होतं?"

बाईचं हसू थांबलं. तिनं ती शिंप आपल्या पदरात बांधली, टाकली नाई. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुह्या मनात चांगलंच हाय वं, मले समजत नाई का? पन मले शिंप नको होती, वच्छे. मले ते नदीकडून भेटाची होती."

मी घरी येऊन दार लावून घेतलं आणि रडली. दुपारी मात्र उठली आणि सरळ देवरावभाऊंपुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुमचा जन्म या नदीत गेला. या नदीत पाण्याच्या वर राहिलेली वाळू कुठेच नाई का?"

"हाय ना," ते म्हणाले. "वरच्या अंगाले दोन कोसावर मधात बेट हाय. तिथवर बंधाऱ्याचं पानी चढत नाई."

"मग एवढे दिवस काऊन नाई सांगितलं?"

"इचारलं कुठी कोनं?"

या माणसाशी बाईनं संसार कसा केला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी बाईले घेऊन आमच्या बचत गटाच्या अकरा बाया दोन डोंग्यांत बसल्या. भाकरी, टमाट्याची चटणी, चहाची किटली, सगळं घेतलं. दिव्यानीचे दिवस भरत आले होते, म्हणून तिच्यापाशी साधनाले बसवलं. साधना आमच्या गावची आशा वर्कर, हुशार पोट्टी.

बेट पाहिलं आणि बाईचे डोळे लहान पोरासारखे झाले. लांबच लांब कोरडी, स्वच्छ वाळू, त्यावर नदीच्या लाटांच्या रेघा, आणि सगळीकडे शिंपाच शिंपा. आम्ही बाया पांगलो. पण हात लावायचा नाई, हे सगळ्यांले पक्कं माहीत. म्हणून ज्या बाईले शिंप दिसे ती तिथेच खांबासारखी उभी राहून बोंबले, "बाई, इथी या! इथी हाय!" एका वेळी अकरा बाया अकरा ठिकाणी उभ्या, अकराही जणी ओरडून राह्यल्या, आणि सुगंधाबाई लुगडं वर खोचून इकडून तिकडे धावून राह्यली. "फुटकी हाय!" पुढची. "एकेरी!" पुढची. "अवं, हे जिती हाय, पान्यात सोडा तिले!" बुधरीनं तर तासभर एक काळा गोटा राखला. बाई आली, गोट्याले पायानं उलटवलं, म्हणाली, "बुधरे, चष्मा कर." हसून हसून आमच्या बरगड्या दुखल्या. माहेरी गेल्यासारखं वाटत होतं सगळ्यांले. भाकरी पण वाळूसकट गोड लागली.

तिसऱ्या प्रहरी देवरावभाऊंचा मोबाइल वाजला. साधना होती. दिव्यानीले कळा सुरू झाल्या होत्या, आठ दिवस आधीच. गाडी बोलावली होती, चामोर्शीच्या दवाखान्यात नेत होते.

बाई तेव्हा बेटाच्या पार टोकाले होती. अर्धं बेट पाहायचं बाकी होतं. मले वाटलं, ती म्हणेल, थांबा, एवढं पाहू द्या. ती धावत आली ती सरळ डोंग्यात चढली. मागं वळून पाहिलंसुद्धा नाई. "शिंप गेली चुलीत," म्हणाली. "माही पोट्टी तिथी एकटी हाय." भाऊंनी डोंगा सोडला. मी काठावरून पाहत होती, तिचे ओठ हलत होते, आणि दोन्ही हात पदरातल्या त्या जत्रेच्या शिंपेच्या गाठीवर घट्ट धरलेले होते.

दुसरा डोंगा निघायले थोडा वेळ होता, भांडी गोळा करायची होती. मी बेटाच्या टोकाकडे चालत गेली. शोधायले म्हणून नाई, खरं सांगते. डोळ्यांत पाणी होतं, ते बायांपासून लपवायचं होतं. आणि पायापाशी ती दिसली. हिरवी-भुरी साल, बारीक फट उघडी, आत मोरपंखी रंग. जोडशिंप! एक टवका उडालेला नाई. "भेटली वं, बाई!" असं मी जीव खाऊन ओरडली आणि उचलली.

उचलल्यावर समजलं, काय केलं ते. ज्या रीतीतली घुटी मी भांडून बंद पाडली, तिचा सगळ्यांत मोठा नियम पाळायचा होता, आणि नेमका तोच मी मोडला. त्या जागेवर नुसती उभी राहिली असती तर! बाईले दोन दिवसांनी का होईना, घेऊन आली असती. मी स्वतःले ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येत नाईत.

संध्याकाळी दिव्यानीले मुलगी झाली. पावणेतीन किलो, आवाज असा की दवाखान्याच्या गेटवर ऐकू यावा. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. घरात नुसता आनंद, जावई राजुऱ्याहून पेढे घेऊन आला, आणि बाई नातीजवळून उठायले तयार नाई. पाचवीची तयारी चालली होती. शिंपेचं नाव तिनं काढलं नाई, आणि मीपण नाई. माझी शिंप पिठाच्या डब्यात होती. चौथ्या दिवशी पहाटे मी ती पदराखाली घेऊन घाटापर्यंत गेली. खोटं कशाले बोलू? पुरायलेच गेली होती. ही तर नदीचीच होती, चाटली तरी गोड. बाईले कधीच समजलं नसतं. खुंट्यापाशी वाकली, आणि माझ्याच्यानं झालं नाई. तशीच परत आली.

पाचवीले पाटा मांडला, दिवा लावला. शेजारच्या बाया जमल्या. बाई वाटीत चमचा ठेवून बसली होती, घरचा साधा चमचा. मी उठली, पिठाचा डबा आणला, शिंप काढून तिच्यापुढे ठेवली.

"बेटावरची आहे," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर भेटली. पण मी उचलली. भान राहिलं नाई, हात लागला माझा. चालत नसेल तर नदीत टाका, पण मी पुन्हा तुमच्याशी खोटं करणार नाई."

बाईनं शिंप हातात घेतली. साल पाहिली, कड पाहिली, उघडून उजेडात धरली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "रीत का हाय?"

"आजीच्या हातानं उचललेली पाहिजे."

"मंग?" बाई चिडली. छत्तीस वर्षांत मी तिले अशी चिडलेली पाहिली नव्हती. "मंग कोनाच्या हातानं उचलली हाय हे? येड्यासारखी चार दिवस पिठात लपवून बसली! दिव्यानीले कोनं वाढवलं? तू या पोट्टीची आजी नाई तर का बाजारातली बाई हायेस?"

मले काई दिसेनासं झालं. पलंगावरून दिव्यानी म्हणाली, "काकू, ये ना लवकर. हिले भूक लागली."

बाईनं शिंप उकळायले टाकली, घड्याळ पाहून वीस मिनिटं, मीच शिकवलं होतं तशी. दिव्यानीनं वाटीत दूध काढून दिलं. बाईनं नातीले उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि दुधानं भरलेली शिंप माझ्या हातात दिली. माझे डोळे असे भरले होते की पहिला घोट पोट्टीच्या हनुवटीवर गेला.

"आधी डोळे पूस," बाई ओरडली. "तिच्या नाकात जाईन!"

मी डोळे पुसले. दुसरा घोट बरोबर गेला, तिसराही. पोट्टीनं शिंप रिकामी केली, ओठ चाटले आणि माझ्याकडे तोंड उघडून आणखी मागू लागली.